अँटेना शेजारच्या छपरावर

किस्से कुणी मुद्दाम जमवायला जात नाही, ते आपोआप साचतात. त्यातून तुम्ही ज्या घरात भाडेकरू आहात, त्याच घरात आळीतला एकुलता एक टीव्ही असेल, तर दर शनिवारी एक किस्सा पदरात पडलाच म्हणून समजा. मी नुसता कोपऱ्यात बसून असायचो, तरी पुढं जन्मभर पुरतील एवढे मिळाले.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी साताऱ्यात एका कचेरीत क्लार्क होतो. फौजेतून पेन्शनीत आलेल्या सुभेदार जगदाळ्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. पलीकडच्या अर्ध्या घरात त्यांचा धाकटा भाऊ बापू. तो गॅरेजात मेकॅनिक होता. घर मुळात एकच, अंगणात मधे कमरेएवढी भिंत घातलेली. आणि दोघा भावांत अबोला!

कारण ऐकलंत तर हसाल. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन वाटली, भांडी वाटली, आणि पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावर गाडं अडलं. बंब शेवटी बहीण घेऊन गेली. अबोला मात्र दोघांनी समसमान वाटून घेतला. तेव्हापासून अख्ख्या आळीला एकच घोर लागला होता, की या दोघांतला पहिला कोण बोलणार.

* * *

टीव्ही आला तेव्हा दुकानातला माणूस अँटेना बसवायला आला. सुभेदारांच्या छपरावर त्यानं ती चारी दिशांना फिरवून पाहिली. खाली पडद्यावर नुसता कापूस पिंजत होता. त्या बिचाऱ्याला घरातली भानगड काय ठाऊक? अँटेना खांद्यावर टाकून तो सरळ बापूच्या छपरावर गेला आणि खाली लख्ख बाई दिसायला लागली. बाई बातम्या देत होती.

"सुभेदार, इथंच येतंय बघा पुणं," तो वरून ओरडला.

सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन लढाया बघितलेला माणूस, पण अंगणातली ती भिंत काही ओलांडवेना. शेवटी काकी, म्हणजे सुभेदारांची बायको, दिराकडं गेली. दीर-भावजयीचं बोलणं चालू होतं, त्याला दोन्ही बाजूंची हरकत नव्हती. बापू तयार झाला, पण त्यानं एक अट घातली. अँटेना राहू दे, मात्र शनिवारी पिक्चरच्या वेळी माझ्या अंगणाकडची खिडकी उघडी पाहिजे.

सुभेदार म्हणाले, खिडकी उघडायला माझी ना नाही, वारा लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही उचलून खिडकीच्या बरोबर समोर आणला. मी कारण विचारलं, तर म्हणाले, पहिल्या जागी उजेडाची तिरीप येत होती. ती जागा घरातली सगळ्यात अंधारी होती.

तेव्हापासून शनिवारी आम्ही सगळे आत सतरंजीवर आणि बापू भिंतीपलीकडं, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बाजल्यावर. बघायचं त्यांच्या टीव्हीवर, पण बसायचं आपल्या हद्दीत.

* * *

आता टीव्हीवर लागणारे मराठी पिक्चर तरी कुठले? सगळ्यांनी जत्रेतल्या तंबूत पाचसात वेळा बघितलेलेच. पुढं काय होणार हे न कळणारा माणूस आळीत औषधालाही नव्हता. तरी शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची.

काकी तर पडद्यावरच्या माणसांशी बोलायची. नायिका भोळेपणानं पाटलाच्या वाड्याकडं निघाली, की काकी हातातलं निवडणं टाकून कळवळून म्हणायची, "अगं बाई, नगं जाऊस, त्यो मेला लय वंगाळ हाय!" एकदा निकम मास्तरांना राहवलं नाही. हे शाळामास्तर समोरच राहायचे. ते म्हणाले, काकी, हा पिक्चर तुम्ही पाचव्यांदा बघताय, ती दर वेळी जाते, तरी सांगता?

काकी त्यांच्याकडं वळून म्हणाली, "मागल्या बारीला ऐकलं न्हाई, म्हणून काय सांगायचंच न्हाई व्हय?"

मास्तरांची स्वतःची खोड वेगळीच होती. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी ते त्याचं वाक्य म्हणून मोकळे व्हायचे. बायको माहेरी गेली की तिला पत्र लिहायला मात्र मास्तरांना स्वतःचं एक वाक्य सुचायचं नाही.

* * *

सुभेदारांना स्वतःला हे जुने पिक्चर आवडत नसत, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळा रडारडीचा मामला! ते फक्त पाच मिनिटं बघायचे. ती पाच मिनिटं 'समाप्त' अशी पाटी येईपर्यंत चालायची.

एकदा भाचीच्या सोयरिकीसाठी त्यांना वडूजला जायचं होतं. फेटा बांधला, बूट चढवले, हातात पिशवी घेतली. दारातून बाहेर पडता पडता मागं वळून बघितलं, तर नायक गाव सोडून चालला होता. सुभेदार उंबऱ्यातच थबकले. नायक गेला, मुंबईत गिरणीत लागला, परत आला, त्याचं लग्नही झालं. सुभेदार पिशवीसकट उभेच. वडूजची शेवटची एसटी केव्हाच निघून गेली होती.

बरं, खाली बसलेही नाहीत. बसलं असतं तर पिक्चर बघितला असं झालं असतं.

पुढच्या शनिवारी वडूजचे पाव्हणे रागारागानं जाब विचारायला आले. नेमका तेव्हाच पिक्चर सुरू झाला होता. पाव्हण्यांना सतरंजीवर जागा करून दिली. पिक्चर संपला, डोळे पुसून झाले, चहा झाला आणि पाव्हणे निघाले. वेशीपर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं, की सोयरिकीचं बोलायचं राहिलंच!

* * *

मी तिथं भाडं देऊन राहत होतो, पण खरी नेमणूक टेलिफोन म्हणून होती. भिंतीच्या अलीकडं सुभेदार, पलीकडं बापू, मधे दोन हातांचं अंतर. सुभेदार मला म्हणायचे, "क्लार्कसाहेब, शेजाऱ्यास्नी सांगा, नळाचं पाणी आज लवकर जाणार हाय." मी तोंड उघडायच्या आत बापू मला म्हणायचा, "त्यास्नी सांगा, आमी भरून ठेवलंय." मी आपला दोन्हीकडं मान हलवायचो.

एकदा भिंतीवर पडलेल्या शेवग्याच्या शेंगांवरून दोघांचं माझ्यामार्फत चांगलंच वाजलं. शनिवारी टीव्ही लावला तर आवाज येतोय, चित्राचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघतो तर अँटेनेचं तोंड पुण्याकडून फिरून किल्ल्याकडं झालेलं. बापू बाजल्यावर आभाळ बघत पडला होता.

सुभेदारांनी टीव्ही बंद केला नाही, उलट आवाज मोठा केला. नावांच्या पाट्यांचं संगीत झालं. मग लावणीची ढोलकी सुरू झाली आणि आम्ही सगळे कोऱ्या पडद्याकडं बघत बसलो. लावणीचं पहिलं कडवं बापूनं दात खाऊन काढलं. दुसऱ्या कडव्याला छपरावर पावलं वाजली आणि चित्र आलं.

दुसऱ्या दिवशी बापूनं मला बोलावून सांगितलं, "वाऱ्यानं फिरली हुती."

आठवडाभर पान हललं नव्हतं.

* * *

पुढच्या वर्षी गॅरेज बंद पडलं. बापूला सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात काम मिळालं. विश्रामबागेत खोली ठरली. रविवारी सकाळी बायकापोरं आणि सामान घेऊन टेम्पो निघणार होता. म्हणजे शनिवारचा पिक्चर शेवटचा. सांगलीत टीव्ही दिसत नव्हता, आणि सणावारालाही इथं येण्यासारखं बापूला काही उरलं नव्हतं. जायच्या आधी हे दोघं बोलले नाहीत, तर पुन्हा बोलणार कधी?

काकीनं नवऱ्याला आडून सांगितलं, उघड सांगितलं, शेवटी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. घरात अबोल्याची काही कमी नव्हती! सुभेदार एवढंच म्हणाले, की अँटेना काढून नेऊ नको म्हणावं.

त्या शनिवारी नेमका दोन मित्रांचा जुना पिक्चर लागला. काकीनं मला सांगितलं, की हे दोघं भाऊ लहानपणी जत्रेत याच पिक्चरला चोरून तंबूखालून शिरायचे, तेही रोज. सुभेदारांना तो तोंडपाठ होता. सकाळी दाढी करता करता त्यांनी मला सगळी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली होती आणि वर म्हणाले होते, काही दम नाही त्यात.

संध्याकाळी खोली गच्च भरली. खिडकी उघडी होती. पलीकडं अंगणात बांधून ठेवलेल्या सामानाच्या मधोमध बापूचं बाजलं. पिक्चर रंगत गेला. पुराच्या पाण्यात अडकलेल्या मित्राला हाका मारत नायक नदीकाठी आला आणि लाईट गेली.

काळोख. कुणी उठलं नाही. काकी कंदील आणायलाही हलली नाही.

मग सुभेदारांचा आवाज आला. घसा खाकरून, खिडकीच्या दिशेनं.

"पुढं काय हुतं रं?"

माझ्या शेजारी निकम मास्तरांनी श्वास घेतला, तोंड उघडलं. काकीनं अंधारातच त्यांचा दंड धरला.

भिंतीपलीकडं बाजलं करकरलं.

"पुढं..." बापू अंधारातून म्हणाला. "पुढं त्यो काठावरनं हाक मारतोय. तीन हाका मारतोय. पन पान्याचा आवाज लय मोटा असतोय, दादा. त्याला ऐकू जात न्हाई."

"मग?"

"मग ह्यो धोतर खोचतोय..."

तेवढ्यात लाईट आली. टीव्हीचा पडदा हळूहळू उजळायला लागला, नदीचा आवाज आला. बापू बोलायचा थांबला. सगळ्यांच्या माना पडद्याकडं वळल्या.

सुभेदार उठले. पुढं होऊन त्यांनी टीव्हीचा खटका बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

"हां बापू," ते म्हणाले. "धोतर खोचलं. मग?"