लोखंडाले विचारणारे थांबाजी

वर्ध्याच्या बंदुकीच्या दुकानात मागच्या खोलीत एक म्हातारे मिस्त्री बसत. गिऱ्हाईक हत्यार घेऊन आलं की ते लगेच हात लावत नसत. आधी माणसाला बोलू देत. आजोबा, पणजोबा, वाघ, गोरा साहेब, सगळं बोलून होऊ देत. मग फडक्याला हात पुसून म्हणत, "झालं जी? आता हे सगळं बाजूले ठेवा. लोखंडाले विचारू." कोणी घाई केली की, "थांबा जी." हे दिवसातून पन्नास वेळा. म्हणून दुकानात त्यांचं नाव थांबाजी पडलं होतं.

थांबाजी पुलगावजवळच्या नाचणगावचे. जन्मभर फौजेच्या बंदुका दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर आठवड्यातून तीन दिवस एस.टी.ने वर्ध्याला येत. मी वडनेरचा. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण कोणापुढे मान खाली घालून बोललो नाही, आणि या माणसाने मला सात महिने खाली बघायला लावलं. तो राग अजून गेलेला नाही.

झालं असं की माझा थोरला भाऊ वारला. त्याला मूलबाळ नाही. आजोबांपासून चालत आलेलं आमचं रिव्हॉल्व्हर त्याच्या नावावर होतं. ते दुकानात जमा करावं लागलं. कचेरीतल्या बाबूने सांगितलं, बनावट कुठली, नंबर आणि किंमत जाणकाराकडून लिहून आणा. लायसनच्या पुस्तकात नंबर आहे, तोच हत्यारावर दिसला पाहिजे. नाही दिसला तर ते सरकारजमा, आणि पुढे भट्टीत.

पहिल्या दिवशी मी थांबाजींना सगळं सांगितलं. आमचे आजोबा एका इंग्रज साहेबाला शिकारीला नेत. एकदा अस्वल साहेबाच्या अंगावर आलं तेव्हा आजोबा मध्ये आडवे झाले, आणि साहेबाने कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून त्यांना बक्षीस दिलं. पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे. थांबाजींनी ऐकून घेतलं, हात पुसले, रिव्हॉल्व्हर उचललं, खिडकीपाशी नेलं. बराच वेळ फिरवून पाहिलं.

"हे कोनं घासलं?"

मी छाती काढून म्हणालो, "मीच. दर दसऱ्याच्या पूजेले. चिंच लावतो, मग राख, मग विटेचा चुरा. चांदीवानी चमकते का नाई?"

त्यांनी चष्मा काढला. रिव्हॉल्व्हर फडक्यावर ठेवलं आणि बाहेर चहा प्यायला निघून गेले. अर्ध्या तासाने आले तेव्हा म्हणाले, "किती वर्सं?"

"चाळीसेक."

"चाळीस वर्सं तुमी याचं नाव पुसून राह्यले, पाटील."

खरंच होतं. लोखंडाला वरून दिलेलं निळसर काळं पाणी होतं ते गेलेलं. कारखान्याचा छाप गेलेला. नंबराच्या जागी बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. आमच्या वडिलांनी मला एक काम दिलं होतं, घराचं हत्यार चकचकीत ठेव. ते मी मन लावून केलं होतं.

मग सुरू झाल्या माझ्या खेपा. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, आणि पोचलो की थांबाजी भिंगातून पाहत बसलेले. कधी आडवा उजेड पाडत, कधी खडूची भुकटी चोळत. कधी नळीचं भोक मापून वहीत लिहीत. मी विचारायचो, काय झालं? थांबा जी. किंमत तरी सांगा. थांबा जी. एकदा मी चिडलो. "मिस्त्री, तुमच्या थांबण्यात मी वर गेलो तर लायसन कोनाच्या नावावर करन सरकार?"

ते मान वर न करता म्हणाले, "तवा मंग मलेच वर बोलवजा. तिथं घाई नसन."

शेवटी त्यांनी ठरवलं की मुठीच्या लाकडी पट्ट्या काढायच्या. तिथे माझी चिंच पोचली नसणार. पण स्क्रू गंजून बसलेला. ते दर खेपेला तेलाचा एक थेंब टाकत आणि दुसऱ्या हत्याराकडे वळत. आठ खेपा गेल्या. मी म्हणालो, "हाना ना एक हातोडी."

"तुमी हानली तेवढी पुरे झाली याले."

नवव्या खेपेला स्क्रू फिरला. पट्टी निघाली, आणि खाली तो मूळचा निळसर काळा रंग जसाच्या तसा. त्यात पाच आकडे आणि एक बारीक छाप. थांबाजींनी आकडे वाचले, मी लायसनचं पुस्तक धरलं. जुळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र छापाकडेच पाहत होते.

"बेल्जमचं आहे, पाटील, इंग्लंडचं नाई. अशी पेट्या भरभरून येत. दुकानात मिळत. साहेब लोक असं कमरेले नव्हते लावत."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमच्या आज्यानं इकत घेतलं असन. त्यात काय वाईट?"

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी म्हणालो, नंबर लिहा, आणि बनावटीत विलायती लिहा, साहेबाने दिलेलं लिहा. तुमचं काय जाते? ते म्हणाले, "लोखंडाचं लिहीन. तुमच्या आज्याचं मी काऊन लिहू?" किंमत विचारली तर म्हणाले, घासलं नसतं तर एखाद्या शौकिनाने बरे पैसे मोजले असते, आता भंगाराच्या थोडं वर.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरात काय होतं ते तुमच्या आज्याले काय ठाव?"

थांबाजींनी पट्टी परत बसवली. स्क्रू हळूहळू आवळला. मग म्हणाले, "खरं आहे. माहा आजा तुमच्यासारख्याईच्या दाराबाहेरच उभा राहे. आत काय होतं, त्याले कोनी दाखवलंच नाई." आणि कागदावर सही करून माझ्यापुढे सरकवला.

मी कागद उचलला आणि नमस्कार न करता निघालो.

तो कागद कचेरीत चालला. चौकशी झाली, सह्या झाल्या, पावसाळा संपता संपता लायसन माझ्या नावावर झालं. रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात गेलो तर मागची खोली बंद. मालक म्हणाले, "थांबाजी गेले. महिना झाला."

मी तसाच नाचणगावला गेलो. कशाला गेलो, मला सांगता येत नाही. भांडण अर्धं राहिलं होतं म्हणा. घरी त्यांची मुलगी होती, शाळेत शिकवणारी. तिने आत बसवलं, चहा दिला. मी वडनेरचा म्हटल्यावर म्हणाली, "रिव्हॉल्व्हरवाले काका तुमीच का? बाबा लय वेळा सांगत. म्हणत, पाटलाले राग आला, पण तो कागद फाडनार नाई. खरं लिहिलेलं माणूस सांभाळून नेते."

मी बशीत चहा ओतत राहिलो.

भांडून निघालो त्या दिवशी वर्ध्याच्या बसस्टँडवर मी तो कागद फाडायलाच काढला होता. नंबराची ओळ ठेवायची आणि बेल्जमचा दुकानातला माल असं लिहिलेली ओळ फाडून टाकायची, असा बेत होता. पण कागद इंग्रजीत होता, आणि आकडे ओळीओळीत. कुठली ओळ कुठली, मला कळेना. शेजारी बसलेल्या पोराला विचारायची लाज वाटली. म्हणून घडी घालून अख्खा खिशात ठेवला, एवढंच. तिचा बाप माझ्याबद्दल जे समजून गेला, तसा मी नव्हतो. चहा संपेपर्यंत हे तिला सांगावं म्हणत होतो. सांगितलं नाही. उठताना हात जोडले, आणि पुलगावच्या स्टँडकडे चालू लागलो.