काढून टाकलेल्या ओळी

प्रोटॉन उपचाराचं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही. ते मी शिकले त्या नांदेडला नाही, लातूरलाही नाही. तरी माझा एम.एस्सी.चा प्रकल्प त्याच्यावरच होता. लातूरच्या एका दवाखान्यात किरणोपचार विभागात काम करणाऱ्या फिजिसिस्ट मॅडम आधी प्रोटॉन केंद्रात होत्या. तिथली परवानगी घेऊन, रुग्णांची नावं वगळलेल्या जुन्या नोंदी त्यांनीच मला मिळवून दिल्या.

प्रोटॉनचा किरण कर्करोगाच्या गाठीवर ठिपक्याठिपक्यांनी, थरावर थर देत जातो आणि ठरलेल्या खोलीवर थांबतो. रुग्णाला टेबलावर झोपवण्याआधी त्याच्या उपचाराची योजना मोजणीच्या उपकरणावर चालवून, किरण ठरल्या जागी पडतो का ते बघतात. यात बराच वेळ जातो. कोणती योजना या तपासणीत नापास होईल हे संगणकाने आधीच ओळखावं, म्हणून जुन्या नोंदी दाखवून त्याला शिकवायचं, हे माझं काम.

कंधारला आईला हे सांगताना मी अडखळले.

"म्हंजी मशीनची परीक्षा तू घेनार?"

"मी न्हाई गं, कम्प्युटर."

"आन् त्याची कोन घेतंय?"

मी हसून विषय बदलला.

निकाल फार चांगला आला. संगणकाचं उत्तर जवळजवळ कधीच चुकत नव्हतं. मार्गदर्शक सरांनी विभागात सगळ्यांना सांगितलं. सोमवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर सादरीकरण होतं. शनिवारी मी एसटीने लातूरला गेले, मॅडमना दाखवायला.

मॅडम डबा खात होत्या. "दाखव, काय करून राहिलीस इतके दिवस," म्हणत त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. बघता बघता थांबल्या.

"नापास झालेल्या योजना कुठंयत?"

"त्या काढून टाकल्या, मॅडम."

"का गं?"

"त्यांचे आकडे बाकीच्यांशी जुळत नव्हते. आलेखात लांब कुठंतरी पडत होते. वाटलं, मोजताना चुकलं असेल."

मॅडमनी भाकरी खाली ठेवली. "अगं माय! चोर धरायला कुत्रं शिकवलंस, आन् त्याला चोरच दाखवला न्हाईस!"

त्या हसत होत्या. मला मात्र खोडरबर आठवलं. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रेषेवर न बसणारं रीडिंग आम्ही खोडरबराने पुसून टाकायचो. रेष सरळ आली की सही मिळायची. माझं जर्नल तर वर्गात नमुना म्हणून दाखवायचे. तोच हात इथंही चालला होता आणि मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं.

"किरण दोन-चार मिलिमीटर पुढं गेला तर काय होतंय, सांग," मॅडम आता हसत नव्हत्या. "गाठीच्या मागं कुणाचा डोळा असतो, कुणाचा मणका. ते आधीच कळावं म्हणून तर मोजतो आम्ही."

परतीच्या बसमध्ये मी सरांना मेसेज लिहायचे आणि पुसायचे. न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. परीक्षक फक्त शेवटचा आकडा बघणार होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि असं कौतुकही पहिल्यांदाच वाट्याला आलेलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मेसेज काही गेला नाही.

रविवारी सकाळी सरांच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "मी बघायला पाहिजे होतं. तुझा निकाल इतका चांगला आला, की मी मूळ नोंदी उघडल्याच नाहीत." आणि आत वळून, "ये. लॅपटॉप काढ."

काढलेल्या नोंदींच्या सगळ्या ओळी परत घातल्या, संगणकाला पुन्हा शिकवलं. दुपारपर्यंत निकाल आला. नापास योजनांपैकी निम्म्याहून जास्त योजनांना संगणक पास म्हणत होता.

"हेच दाखवायचं?" मी विचारलं.

"हेच."

सोमवारी मी आधी माझी चूक सांगितली. परीक्षकांनी चष्मा काढला.

"मग हे दवाखान्यात वापरता येईल का?"

मी सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून कागद चाळत होते. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"नाही सर. अजून नाही. प्रत्येक रुग्णाची मोजणी चालूच ठेवायला पाहिजे," मी म्हणाले, आणि संगणकाच्या नजरेतून सुटलेल्या योजनांची यादी पडद्यावर उघडली.