एटापल्लीवर पहाटेचा हल्ला

मी चंद्रपूरचा शिंपी. शाळांचे गणवेश शिवतो, पँटी अल्टर करतो आणि उरलेल्या वेळात पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर लढाई लढतो. हसा खुशाल. माझी बायको कधीची हसून राह्यली आहे.

लढाई दुसऱ्या महायुद्धात खरोखर झालेली, जपानी आणि अमेरिकन फौजांची. आम्ही ती कागदावर पुन्हा खेळतो. नकाशा, फासे आणि पलटणींच्या जागी शर्टाची बटणं. माझ्यासमोरचा खेळाडू एटापल्लीच्या शाळेतला मास्तर. मूळचा पोंभुर्ण्याकडचा, घरी धानाची शेती. शिकायला चंद्रपुरात होता तेव्हा आमच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा, तेव्हापासूनची दोस्ती. आता दोघांकडे एकेक नकाशा असतो आणि चाली फोनवर चालतात.

त्या बेटावरच्या टेकड्यांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. आकड्यांवरून आमची रोज तणतण व्हायची. शेवटी मीच म्हटलं, मरू दे ते आकडे, आपली नावं देऊ. उंच टेकडी झाली जिवती, आमच्याकडच्या डोंगरातल्या गावावरून. मधला नाला पोंभुर्णा. आणि ज्या धावपट्टीसाठी सगळी मारामारी, ती एटापल्ली, कारण तिथे मास्तर जपानी होऊन दबा धरून बसायचा.

मागच्या वर्षी मला नकाशाचंच याड लागलं. इंटरनेटवर जुने लष्करी नकाशे मिळतात, विमानातून काढलेले फोटो मिळतात. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळेचनात! नकाशात नाला समुद्राला मिळतो, फोटोत त्याच्या तोंडावर वाळूचा बांध. म्हणजे लढायला उतरलेल्या पोरांच्या हाती चुकीचा कागद दिला होता. हे कळलं त्या दिवशी मशीन बंद करून मी नुसता बसून राहिलो. मग किनाऱ्याच्या खडकांवर भरतीला पाणी किती, ओहोटीला किती, हे शोधण्यात चार महिने गेले.

नवा नकाशा मी पॅटर्नच्या खाकी कागदावर काढला. आम्ही शिंपी पॅटर्न रंगवत नाही, पण त्याच्यावर सगळं लिहून ठेवतो: कुठे कापायचं, कुठे चुन्या घ्यायच्या. हात तसाच वळलेला. मी नकाशावरही सगळं लिहून टाकलं. ‘पहाटे चार वाजता जिवतीवरून उतरणे. एटापल्लीत टाकीमागे मशीनगन, आधी ती उडवणे.’ मग पॅटर्नसारखीच घडी घातली, पिशवीत टाकली आणि शनिवारी एटापल्लीची एसटी धरली. मास्तराला नकाशा दाखवायचा आणि रविवारी समोरासमोर बसून खेळायचं, एवढाच बेत.

एटापल्ली म्हणजे गडचिरोलीतला नक्षलवाद्यांचा भाग; गावाच्या अलीकडे जंगलात पोलिसांचा नाका लागला. बस थांबली, पिशव्या तपासायला दोन जवान चढले. हे नेहमीचंच. मी खिडकीबाहेर बघत होतो.

“हे काय आहे भाऊ?”

“पॅटर्न आहे साहेब. कपड्याचं.” सवयीनं तोंडातून निघून गेलं.

त्यानं घडी उलगडली आणि वाचायला लागला. मी त्याचे ओठ हलताना बघत होतो. ‘एटापल्लीत टाकीमागे’पर्यंत तो आला. या अल्ला, मी काय लिहून बसलो!

“खाली उतरा.”

नाक्याच्या शेडमध्ये त्यांचे साहेब बसले होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, माझं आधारकार्ड घेतलं, फोन घेतला. कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही. कार्डावरचं नाव वाचून साहेबांचा चेहरा बदलतो का, ते मी बघत होतो. बदलला नव्हता, हे आज मी शपथेवर सांगेन. पण तेव्हा मला तो बदललेला दिसला. बाहेर बसमधली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आता आपण घरी जात नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. बायकोला कोण सांगेल, काय म्हणून सांगेल?

“हे कोणी काढलं?” साहेबांनी विचारलं.

चार महिने मी त्या कागदासाठी खपलो होतो. समुद्र म्हणायचं होतं, जपान म्हणायचं होतं, खेळ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

“मास्तराचा आहे साहेब. एटापल्लीच्या. मी फक्त पोचवून राह्यलो. माझं काही नाई यात.”

अक्षर माझं, कागद माझा, आणि मी हे बोललो.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला. बस का आली नाही म्हणून मास्तरच करत होता. साहेबांनी स्पीकर लावला, आपण कोण, कुठून बोलतो ते सांगितलं आणि एकच विचारलं, हा नकाशा कोणाचा?

मग मास्तराचा आवाज आला. “माझा आहे साहेब. मीच काढून मागितला. तो गरीब शिंपी आहे, त्याले काई माहीत नाई. कागद पूर्ण उघडा साहेब. कडेले पाण्याची खोली लिहिली असंन. एटापल्लीले कुठचा आला समुद्र?”

साहेबांनी शेवटची घडी उघडली. चारही कडांना माझे आकडे होते, भरतीचे आणि ओहोटीचे. त्यांनी ते बोट ठेवून एकेक वाचले. मग पुन्हा असं काही लिहून इकडे फिरायचं नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. वहीत नोंद झाली. नकाशा कोणाचा, या प्रश्नापुढे मास्तराचं नाव गेलं, त्याच्या शाळेचं नाव गेलं. मी ते लिहिलं जाताना बघितलं आणि गप्प बसलो.

बस एटापल्लीला पोचली तेव्हा मास्तर स्टँडवर उभाच होता. त्यानं माझी पिशवी घेतली. “भेला का रे लय?”

“हो,” मी म्हटलं.

“मले माहीत होतं, तू काई माझं नाव घेणार नाईस. एकटाच अडकून बसशीन. म्हनून मीच सांगून टाकलं.”

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही खेळलो आणि मी हरलो. तो अजून शनिवारी फोन करतो. मी अजून त्याला सांगितलेलं नाही.