लाकडाआडची भिंत

स्टीनाकर्सांचा लांबर्ट मंत्री झाला तेव्हा आमच्या गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. लहानपणीही तो गल्लीतल्या पोरांकडून चिखलाचे किल्ले बांधून घ्यायचा आणि स्वतःचे हात कोरडे ठेवायचा, असं बायका सांगतात. बायका काहीही सांगतात म्हणा, पण एवढं मात्र खरं.

बाप गॉमार, जातीचा गवंडी. शेल्ट नदीच्या या काठाला जी धुराडी सरळ उभी आहेत ती माझी आणि वाकडी दिसतात ती इतरांची, असं दोन बिअर पोटात गेल्या की तो सांगे. पोराच्या हातात त्याने थापी दिली, पोरगा विटाही नीट रचायचा, पण जीव सगळा नकाशे काढण्यात. पाद्रीबाबांनी शब्द टाकला, लांबर्ट सैन्याच्या इंजिनिअरांच्या शाळेत गेला आणि परतला तो मिशीला मेण लावून, फ्रेंच फाडत. आमची फ्लेमिश बोली त्याला भूक लागली की आठवायची. बायको केली ब्रसेल्सची. शिंपल्यांचं पातेलं समोर आलं की ती असं तोंड करी, जणू आत ओळखीचं कुणी मेलंय.

पुढे आमच्या शेजारच्या शहराभोवती नवा तट बांधायचं ठरलं आणि काम लांबर्टकडे आलं. तोफांना समोर आडोसा नको, म्हणून त्याने तटापासून लांबवर एक रेघ आखली. रेघेच्या आत विटेचं घर चालणार नाही. लाकडाचं चालेल, कारण शत्रू चालून आला की ते पेटवून देता येतं. आमचं अख्खं गाव रेघेच्या आत. गॉमारचं घरसुद्धा. स्वतः बांधलेलं, आढ्याला हिरवी फांदी बांधून सगळ्या गावाला बिअर पाजून पुरं केलेलं.

गाव म्हणे, बापाच्या दारात रेघ जरा वळेल. ती वळली नाही.

"जराशी वाकवली असतीस तर काय पेन्सिल मोडली असती?" गॉमारने विचारलं.

"बाबा, तुमच्या दारात वाकवली की सगळ्यांच्या दारात वाकवावी लागेल."

"मग वाकव की सगळ्यांच्या दारात."

लांबर्टने नकाशा गुंडाळला. उत्तर असलंच तर ते फ्रेंचमध्ये असेल.

म्हाताऱ्याने घर स्वतःच्या हाताने उतरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याच जागी फळ्यांचं घर उभं राहिलं. पण त्यात त्याला झोप येईना. शवपेटीत पडल्यासारखं वाटतं, म्हणायचा. मग हिवाळ्यात, दारं लावून, डुकरांच्या खोपटाखाली लपवलेल्या जुन्या विटा त्याने एकेक करून आत आणल्या आणि फळ्यांच्या आतून भिंत चढवली. बाहेरून लाकूड, आतून वीट, विटेवर पुन्हा फळी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या गावात गुपित राहत नाही. ते फक्त गावाबाहेर जात नाही. तपासणीचा सार्जंट यायचा, तेव्हा गॉमारची लेक डिम्फना त्याला धिरडी आणि जिन द्यायची, आणि भिंती ठोकायच्या सोडून तो तिच्याच तोंडाकडे बघत बसायचा.

लांबर्ट निवडून आला, मंत्री झाला, आणि गावच्या जत्रेला गाडीतून उतरला. बापाच्या घरी ताकातली कण्हेरी, म्हणजे पेज, खाताना त्याची पाठ भिंतीला लागली. त्याने सहज बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं. मग थांबला. पुन्हा केलं. गवंड्याचंच पोर ते. बाप ताटलीत बघत होता, डिम्फनाचा डाव हवेत राहिला. लांबर्टने कण्हेरी संपवली, चांगली झालीय म्हणाला आणि गेला. दोन-तीन आठवडे ती दोघं सार्जंटची वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. म्हातारा तेवढ्यावर असा खूश, की पोरगा अजून आपलाच आहे म्हणून चार घरी सांगत फिरला.

मग दोन मोठ्या शेजारी देशांची जुंपली आणि आमच्या राज्याची पाचावर धारण बसली. तटापासून रेघेपर्यंतचा सगळा पट्टा जाळून मोकळा करायचं ठरलं. संसदेत एकाने लांबर्टला डिवचलं, की मंत्र्याच्या बापाचं घर शेवटी जळणार की जळणारच नाही? लांबर्ट म्हणाला, "पहिलं."

सकाळी सैनिक आले. लोकांनी गाद्या, कोंबड्या, येशूच्या मूर्ती गाड्यांवर चढवल्या. डिम्फनाला वाटलं, बाबा पुढच्या गाडीत आहेत. ते नव्हते. थापी राहिली म्हणून म्हातारा मागे फिरला होता, आणि आत जाऊन त्याने कडी लावून घेतली. वीट जळत नाही. फळ्या जाऊ देत, राख झाली की आपण भिंतीतून बाहेर यायचं आणि जगाला दाखवायचं, असा त्याचा हिशेब असावा. धूर भिंतीला विचारून येत नाही, हे इतकी धुराडी बांधलेला माणूस विसरला.

विटेचं घर पाडायचं तर सुरुंगाची दारू आत नेऊन ठेवावी लागते, कुणीतरी खोल्या बघतं. लाकडाच्या घराला बाहेरूनच डांबर नि पेंढा लावतात. कागदोपत्री ते लाकडाचं होतं. सैनिकांनी हाक दिली, ओ आली नाही, आणि पेटवलं.

संध्याकाळी फळ्या गेल्या होत्या, छप्पर गेलं होतं. भिंती काळ्या, पण ओळंब्याला सरळ. गॉमार चुलीपाशी जमिनीवर, कुशीवर निजलेला, थापी हातात. त्या लढाईतला एकही शत्रू आमच्या बाजूला फिरकला नाही.

दफनाला लांबर्ट आला. कबरीवर माती पडल्यावर डिम्फना त्याच्याजवळ गेली.

"त्या दिवशी टकटक केलंस, तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर भिंत पाडली असती गं."

"हो," डिम्फना म्हणाली, "आणि बाबा आज तुला शिव्या घालत बसले असते."

लांबर्टने उभ्या आयुष्यात नियम एकदाच मोडला, तो एवढाच. मंत्रिपद त्याच्याकडे पुढेही राहिलं, छातीवर पदकं वाढली. मात्र कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी तो भिंतीवर बोटाने टकटक करी आणि कान देऊन थांबे. लोक म्हणत, इंजिनिअरची खोड. यजमान हसत. बहिणीच्या नव्या घरीही तो तसंच करायचा. तेव्हा ती उठून अंगणात जाई, आणि तो गेल्याशिवाय आत येत नसे.