समोरची घरघर

आमच्या खिडकीसमोर बिनखिडक्यांची इमारत आहे. मोबाइलमधल्या ‘एआय’ची उत्तरं म्हणे अशाच इमारतींत तयार होतात. आतली यंत्रं थंड ठेवायला पंखे अखंड घरघरतात. गार व्हायला यंत्रांना पाइपलाइनचं पाणी, आम्हाला टँकरचं. खिडकी उघडली की घरघर, लावली की उकाडा.

काल माझ्याकडच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींना नाव घ्यायचा आग्रह झाला. त्यांनी सरळ मोबाइललाच उखाणा मागितला. क्षणात आला, झकास होता. एवढ्याशा लाडिक ओळींसाठीसुद्धा कुठेतरी पाणी तापत असेल?

“काय बाई ही घरघर! लावा ती खिडकी,” कुणीतरी म्हणालं. मी लावली.

“आता तुम्ही!” सगळ्या माझ्याकडे वळल्या. एकही उखाणा आठवेना. घामेजल्या हाताने मी मोबाइल उचलला.