मांडीवरचा हात

माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यांना मी आजवर कधी अडवलं नाही. लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय गेला, धुळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी मला उपचार दिले, त्यांचा तो पांढरा कोट पाहून मी डॉक्टर व्हायचं ठरवलं. जळगावात माझा सत्कार झाला तेव्हाही हीच गोष्ट माइकवरून सांगितली गेली. मी शाल पांघरून बसलो होतो आणि मान डोलावत होतो.

यातला पाय आणि डॉक्टर तेवढे खरे आहेत. बाकीचं खोटं आहे, आणि ते मी इतकी वर्षं गुपचूप ऐकून घेतलं याची मला लाज वाटते.

सत्तेचाळीस साली आम्ही दोंडाईचाला राहत होतो. वडील एका जिनिंग फॅक्टरीत काट्यावर होते. गावोगावच्या गाड्या यायच्या, कापूस वजन करून घ्यायचा, हे त्यांचं काम. मी दहा वर्षांचा. मोठ्या बहिणीला बारावं लागलेलं. तिला मी अक्का म्हणायचो. पावसाळ्याच्या अखेरीस मला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी उठायला गेलो तर उजवा पाय माझ्याबरोबर आलाच नाही. त्याच आठवड्यात अक्कालाही तसाच ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला.

एकाच घरात, एकाच गोधडीवर, एकाच तापाने पडलेली दोन मुलं. वडिलांनी मला उचललं आणि धुळ्याला नेलं. "पोऱ्याना पाय शे," ते आईला म्हणाले, "त्याले दवाखाना पाहिजेच. पोरनं भरी येई आपोआप." आपोआप! मुलाच्या पायाला डॉक्टर आणि मुलीच्या पायाला आपोआप.

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझा पाय मांडीपासून टाचेपर्यंत प्लॅस्टरमध्ये घातला आणि हलवायचा नाही असं बजावून घरी पाठवलं. तेव्हा पुष्कळ ठिकाणी हेच करत, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मी खाटेवर पडलो. शेजारपाजारचे मला बघायला यायचे, केळी आणायचे, जिभेने च्‌ च्‌ करायचे. अक्का त्याच घरात भिंतीला धरून सरकत सरकत माझ्यासाठी पाणी आणायची.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. आई तिथे कापूस निवडायला जायची. कापसातून बी वेगळं काढणाऱ्या रेच्यातून निघालेल्या सरकीचे ढीग आवारात पडलेले असत. उन्हं वर आली की ढीग आतून कोमट व्हायचे. आई अक्काला कडेवर घेऊन जायची, त्या ढिगात तिचा पाय कमरेपर्यंत पुरायची, आणि बाहेर काढला की वरखाली करायची, मुडपायची, ताणायची. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. थंडीत पोरीचा पाय गारठतो, त्याला ऊब द्यावी, एवढंच तिच्या मनात. निवडणाऱ्या बायका हसायच्या.

"पोर पेरी ऱ्हायनी का व माय? किती कणसं येतीन?"

"येवू द्या बठ्ठी," अक्का ढिगातून ओरडायची, "तुमले एक बी नही देवाव!"

संध्याकाळी ती माझ्या खाटेपाशी बसायची. शाळा तिची सुटली होती, माझीही. करायला काही नव्हतं म्हणून आम्ही आमचे पायच खेळायला घेतले. ती कोंबडीचं पीस आणायची आणि प्लॅस्टरच्या बाहेर राहिलेल्या माझ्या बोटांवर फिरवायची. मला गुदगुल्या व्हायच्या. मग म्हणायची, आता अंगठा हलव. अंगठा हलायचा नाही. मग मी तिच्या पायाला चिमटे काढायचो. गोधडीची सुई तिने एकदा माझ्या करंगळीत अशी टोचली की मी किंचाळलो आणि आई चुलीपासून पळत आली.

"तुन्हा पायले बठ्ठं कळस," अक्का म्हणाली, "मंग तो हालत काब्र नही?"

"मले काय माहीत?"

तिने सुई गोधडीत खोचली. "येवानी वाट चांगली शे. जावानी वाट मोडेल शे."

येण्याची वाट शाबूत आहे, जाण्याची मोडली आहे. बारा वर्षांच्या पोरीने हे म्हटलं, आणि लगेच आगगाडीचा कुकारा ऐकून ती बघायला खिडकीकडे सरकली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. आपल्या शरीरात वाटा आहेत आणि त्यातली एक मोडली आहे, तर ती कुठे मोडली? डॉक्टर व्हायचं बीज माझ्यात पडलं असेल तर ते या प्रश्नाने. पांढऱ्या कोटाचा त्यात काडीचा संबंध नाही.

माघात प्लॅस्टर काढायला धुळ्याला गेलो. आई, वडील, मी आणि बोचकं धरायला अक्का. अक्का तोवर चालायला लागली होती. डावा पाय टाकताना ती डाव्या हाताने मांडी मागे दाबायची, म्हणजे गुडघा दुमडायचा नाही. तिच्या परकराचा तेवढा भाग घासून विरला होता. मांडीचा स्नायू गेलेला माणूस असाच चालतो. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं. मोठ्या डॉक्टरांच्या समोरून ती तशी चालत आली आणि बोचकं खाली ठेवून उभी राहिली.

प्लॅस्टर कापलं. आतून निघालेला पाय माझा वाटत नव्हता. काठीसारखा, पांढरा, खवले धरलेला, गुडघ्यात आखडलेला. आई पदर तोंडाला लावून रडू लागली. वडील बाहेर कंपाउंडरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, देवाची इच्छा. तेव्हा अक्का पुढे झाली.

"डॉक्टर, मलेबी हाऊच ताप वना व्हता. मन्हाबी पाय गया व्हता. मन्हा पाय माय रोज सरकीमा पुरे आनि हालाडे."

डॉक्टर हसले. "पोलिओ झाला असता तर तू अशी उभी राहिली असतीस का, पोरी?"

"पन झायता ना!"

ते माझ्याकडे वळले. "काय रे, हिला आला होता का ताप?"

मी त्या काठीकडे पाहत होतो. अक्का माझ्याच आजारातून उठून माझ्यासमोर स्वतःच्या पायावर उभी होती. घरात आजारी मी होतो, केळी माझ्यासाठी यायची. तेही आता ती घेणार होती.

"नाही," मी म्हणालो. "ती सोंग करते."

डॉक्टरांनी हात धुतले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. एकाच घरातली दोन मुलं, एकच आजार, दोन तऱ्हेची शुश्रूषा, आणि दोघं एका खोलीत हजर. मान वळवून त्या मुलीच्या मांडीवरचा हात पाहायचा, एवढंच करायचं होतं. सरकीने तिचा पाय वाचला असं मी म्हणत नाही. कदाचित तिचा आजारच हलका असेल. काही पाय काही न करताही सुधारतात. आज मला ते कळायला मार्ग नाही, कारण तेव्हा कोणी पाहिलंच नाही. मला संताप आहे तो याचा. अज्ञानाचं मी समजू शकतो. समोर उभी असलेली मुलगी, ती मुलगी आहे म्हणून आणि तिचं बोलणं खेडवळ आहे म्हणून दिसतच नाही, याला मी अज्ञान म्हणणार नाही.

आणि माझं? दहा वर्षांचा होतो, असं म्हणून मी ते कितीदा मिटवायला पाहिलं. ते मिटत नाही.

परत येताना नरडाण्याला गाडी थांबली तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "बरं झायं तू नही म्हना. पोरना जातले असं चिकटनं ते कोन करी?" मी हेव्याने बोललो होतो, आई तिच्या लग्नाच्या काळजीने गप्प राहिली होती, आणि डॉक्टरांना घाई होती. तिघांचंही काम त्या एका 'नाही'ने झालं. अक्का खिडकीशी बसून बाहेर पाहत होती.

मला शाळेत परत घातलं. तिला घातलं नाही. सोळाव्या वर्षी तिचं लग्न पहूरला झालं, केळी-कापसाच्या खात्यापित्या घरात. पाय जरा आखडतो, एवढंच सांगितलं होतं.

मी पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट बांधून पुण्याला मेडिकलला गेलो. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी फळ्यावर मज्जारज्जूचा आडवा छेद काढला. मागच्या बाजूने स्पर्श आत येतो, पुढच्या बाजूने हालचालीची आज्ञा बाहेर जाते, पोलिओ पुढच्या बाजूच्या पेशी मारतो, मागच्याला धक्का लावत नाही. येण्याची वाट चांगली, जाण्याची मोडलेली. मी वहीत काही लिहिलं नाही. शेजारच्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हे मला माहीत होतं. त्याला वाटलं मी बढाई मारतोय.

साठ साली परीक्षा पास होऊन मी पहूरला गेलो. नवी बॅग, नवी हातोडी. ओसरीवर बसलो तर अक्काच्या सासूने पहिल्याच दमात सुरू केलं.

"तुमच्या बहिणीले काही औषध द्या बाबा आळसावर. घागरीले हात लावायच्या आधी मांडीले हात लावते. मिरवते नवरीवानी!"

आठ वर्षं ती हे ऐकत होती. मी अक्काला खाली बसवलं. डाव्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला नाही. उजव्यावर मारली, उडाला. दोन्ही मांड्या लुगड्यावरूनच हाताने चाचपल्या. डावी निम्मी होती. मला वाटलं, आता तो 'नाही' परत घ्यायची वेळ आली. मी सगळ्यांसमोर, डॉक्टरी आवाजात सांगितलं, "हा आळस नाही. हिला लहानपणी पोलिओ झाला होता. माझ्याबरोबरच."

सासू उठून उभी राहिली.

"पोलो? म्हंजे लंगडी पोरगी गळ्यात मारली आमच्या! लग्नात काहून नही सांगतलं? न्या मंग हिले आताच्या आता तुमच्यासंगं. माह्या लेकाले पोरी कमी नही!"

मेहुणे खांबाला टेकून उभे होते. ते जमिनीकडे पाहत राहिले. दोन पोरं अक्काच्या पदराला धरून होती.

अक्का हसली. खरंच हसली.

"आत्याबाई, याचं काय ऐकता! नवा डॉक्टर झाला ना, याले भिंतीवर पाल दिसली तरी पोलो दिसते. मी गाडीतून पडली होती लहानपणी. मले कुठला ताप न् काय!"

सासू जरा वेळाने बसली. मेहुणेही हसले. मलाही हसावं लागलं. बारा वर्षांपूर्वी मी जे बोललो होतो तेच अक्काने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या विरुद्ध, पुन्हा म्हटलं, कारण आम्ही तिला दुसरं काही म्हणायची जागाच ठेवली नव्हती. ती खरं बोलली तेव्हा ते हसण्यावारी गेलं. मी खरं बोललो तेव्हा तिचं घर मोडायला निघालं.

संध्याकाळी ती मला अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीपर्यंत पोचवायला आली. स्टेशनवर आम्ही दोघंच होतो. मी काठीने मातीत फळ्यावरचं ते चित्र काढलं आणि दोन्ही वाटा तिला दाखवल्या. तिने वाकून पाहिलं.

"म्हंजे मी तवय बरोबर सांगं व्हतं?"

"अगदी बरोबर."

"आनि मी सोंग नही करे."

"नाही, अक्का."

तिने पायाने ते चित्र पुसलं. "आते कोनले सांगू नको," ती म्हणाली.

गाडी सुटली तेव्हा ती कपाशीच्या कडेने परत निघाली होती, डाव्या हाताने मांडी दाबत.

मी सांगितलं नाही. तिचा संसार होता तोवर तिच्यासाठी, आणि नंतर, खरं सांगायचं तर, सत्कारांसाठी. आता ती नाही, मेहुणे नाहीत, त्या घरात कोणाला काही तोडता येईल असं उरलेलं नाही. म्हणून तिची आज्ञा मोडतो. माझ्या बहिणीला पोलिओ झाला होता. तिला तोच ताप आला होता. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर 'हो' असं आहे.