उमरेडचे गुलाबराव आणि तलावाकाठचा होडीचा वर्ग

त्या दिवशी आमच्या खात्याचे मोठे साहेब आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी माझ्याकडे प्रवेशाचं रजिस्टर मागितलं... सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या बाहेर एका तलावाकाठी, टिनाच्या शेडमध्ये, लाकडी होड्या बांधायला शिकवणारा छोटासा वर्ग होता. मी तिथे क्लार्क. नोकरीचं पहिलंच वर्ष.

समुद्र नाही तिथे होड्या कशाला, असं लोक हसून विचारायचे. पण धरणं होत होती, तलावांत मासेमारी वाढत होती. होड्या लागतच होत्या.

जागा सोळा, विद्यार्थी अकरा. बहुतेक उमरेड-कामठीचे विणकर, हातचं काम गेलेले. एक खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतला. दोन नागपूरचे बौद्ध तरुण, मॅट्रिक झालेले. होडीचा नकाशा सगळ्यात आधी त्यांना कळायचा.

मासेमारांच्या घरातलं मात्र एकही नाव नव्हतं. "वर्ग त्यांच्यासाठी आहे. पुढच्या सत्रात ते नसले तर बंद करू," साहेब म्हणाले आणि गेले.

आमचे शिकवणारे सर आणि मी तलावापलीकडच्या मासेमारांच्या वस्तीत गेलो. तिथले जाणते श्रावणकाका म्हणाले, "आमच्या पोराईले तुमी काय शिकवान? आमी पान्यातच वाढलो." खोटं नव्हतं ते... सरांनी वाद घातला नाही. पहिली होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी या, एवढंच सांगून आम्ही परतलो.

होडीच्या फळ्यांमधल्या फटींत सुती दोरा ठासून वर डांबर लावतात. ते काम गुलाबरावांकडे होतं. पंचेचाळिशीचे विणकर, रोज उमरेडहून एसटीने येणारे. दोरा चिमटीत वळून ते असा बसवायचे की सरसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहायचे.

होडी उतरवायच्या दिवशी श्रावणकाका आले, स्वतःच वल्हं घेऊन बसले. गुलाबरावांना पोहता येत नव्हतं. तरी "फटी म्या भरल्या, मीच बसतो" म्हणत तेही चढले... दोन्ही हातांनी कड गच्च धरून.

होडी तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन परत आली. काका लगेच उतरले नाहीत. वाकून तळाच्या फळ्यांवरून सावकाश हात फिरवत राहिले. हात कोरडाच.

"किती वर्सं झाली गा तुमाले या कामात?"

"झाले सा महिने. त्याच्या आधी मागावर बसत होतो," गुलाबराव म्हणाले.

काका वल्हं ठेवून निघून गेले. मला वाटलं, संपलं...

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडत होते तर समोर काका. सोबत त्यांचा मुलगा आणि दोन पुतणे. "बाई, याइची नावं लिहा. पन बसवा त्या गुलाबरावापाशी." तेवढ्यात गुलाबराव एसटीने आले, तसे त्यांना म्हणाले, "अन् तुमाले मी पोहाले शिकवतो. असे भिऊन राहिले तं कसं होईन गा!"

वर्ग टिकला. गुलाबराव त्या उन्हाळ्यात पोहायला शिकले.

जन्म पाण्यात गेलेल्या माणसाने आपली मुलं एका विणकराच्या हाताखाली बसवली, आणि त्या विणकराने त्या वयात त्याच माणसाकडून पोहण्याचे पहिल्यापासून धडे घेतले. मी तेव्हा विशीत होते... "मला हे येत नाही, शिकवाल का?" हे विचारताना मला पुढे कधीच लाज वाटली नाही, ते या दोघांमुळे.